मांजरपाटावरचा ठसा धुण्यात का निघून जातो: सोलापूरच्या पाण्यात आणि उन्हात कापड छापताना

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या पूर्व भागातल्या मागावरून कोरं मांजरपाट आणलं. भिंतीवर टांगायच्या कलाकृतींसाठी त्यावर लाकडी ठशांनी छपाई केली. रंग ‘कोल्ड ब्रँड’ रिअ‍ॅक्टिव्ह, घट्टपणासाठी आरारूटची खळ, सोबत खाण्याचा सोडा. मे महिन्यात गच्चीवर कडक वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी गरम पाण्यात धुतलं. निम्म्याहून जास्त रंग गेला, पांढरी जमीन (न छापलेला भाग) गुलाबी झाली, ठशाच्या कडा फुटल्या आणि मध्येमध्ये गडद ठिपके उठले. दुकानदार म्हणतो, मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा, रंग पक्का होईल. आता काय करावं?

व्हिनेगरचा नाद आधी सोडा. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुती धाग्याशी रासायनिक बंध करतो तो अल्कलीत, म्हणजे सोड्याच्या पाण्यात. व्हिनेगर आम्ल आहे, ते हा बंध होऊच देत नाही. मीठ रंगाच्या कुंडात उपयोगी पडतं, कारण ते पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलतं. छपाई होऊन वाळलेल्या कापडावर त्याचं काहीच काम नाही. जो रंग धाग्याला लागलाच नाही तो नंतर कशानेही लागत नाही. तुमचा रंग न लागण्याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत, ती कापडापासून बघत जाऊ.

मागावरून थेट उतरलेल्या कापडाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ असते. विणताना धागा तुटू नये म्हणून ती चढवलेली असते आणि बहुधा ती पिठाचीच असते. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला कापूस आणि पीठ यांतला फरक कळत नाही, दोन्हींच्या रेणूवर त्याला पकडायला सारख्याच जागा मिळतात. त्यामुळे रंग खळीला लागला आणि धुताना खळीबरोबर निघून गेला. त्यात तुम्ही घट्टपणासाठी घेतलेलं आरारूट हेही पीठच. म्हणजे कापडाच्या आधी रंग खाणारे दोघे होते. कडा फुटल्या त्याचंही मूळ इथेच आहे. आरारूटची खळ रात्रभर ठेवली की तिला पाणी सुटतं, आणि ते पाणी ठशाच्या बाहेर पळताना रंग बरोबर नेतं.

खळ आहे का हे बघायला औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून कोपऱ्यावर एक थेंब टाका. निळा-काळा डाग पडला तर पीठ शिल्लक आहे. पिवळसर तपकिरी राहिला तर पीठ नाही. खळ काढायला रंग-रसायनांच्या दुकानात डिसायझिंगचं एन्झाइम मिळतं. पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात आणि तापमानाला कापड त्यात तासभर भिजवा, मग गरम पाण्याने खळबळून घ्या. ते न मिळाल्यास साध्या पाण्यात दोन रात्री भिजत घालून, वास मारायला लागल्यावर चोळून धुणं हा जुना उपाय चालतो, पण खळ सगळीकडून सारखी निघत नाही. मग छपाईत ढगाळ पट्टे दिसतात.

खळ गेली तरी कापसाचं स्वतःचं मेण राहतंच. एक किलो कापडाला २० लिटर पाणी, ६० ते ८० ग्रॅम सोडा अ‍ॅश (धुण्याच्या सोड्याची कोरडी पूड) आणि २० मिलि साधा लिक्विड सोप घेऊन तासभर उकळा. कापड पाण्याखाली दाबून ठेवा. वर तरंगलेला भाग हवेत कोरडा पडतो आणि तिथे डाग उठतो. उकळलेलं पाणी चहासारखं तपकिरी झालं तर समजा, काम होतंय. कापड धुऊन वाळवल्यावर त्यावर पाण्याचा थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत जिरला पाहिजे. मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा. सोडा अ‍ॅश मिळाली नाही आणि स्फटिकी धुण्याचा सोडा मिळाला, तर वजन अडीच ते पावणेतीन पट घ्यावं लागेल, कारण त्या स्फटिकांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं.

कापड घेतानाच एक सूत काढून जाळून बघा. ‘कॉटन’ म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ कापडात पॉलिस्टर मिसळलेलं असतं. कापूस कागदासारखा जळतो आणि राख बोटात चुरगळते, तर पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र कापडावर या रंगांची छटा अर्धीच चढणार, त्याला इलाज नाही. टॉवेलचं फासेवालं कापडही ठशासाठी टाळा. फासे दबतात, ठसा वरवर बसतो, आणि फासे उठले की खालचं पांढरं दिसायला लागतं. चादरीवर नक्षी दिसते ती आधी रंगवलेल्या सुताची जॅकार्डवर विणलेली असते, त्यामुळे चादरीवर रंग टिकतो म्हणून छपाईचाही टिकेल हा हिशेब जुळत नाही.

आता खळीचा पर्याय. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला सोडियम अल्जिनेट लागतं. ते समुद्री शेवाळापासून काढतात, आणि पिठाच्या रेणूवर ज्या जागी रंग सहज पकडतो ती जागा इथे आम्लाच्या गटाने व्यापलेली असते. शिवाय अल्जिनेट आणि रंग दोघांवरही ऋण भार असल्याने ते एकमेकांना लांब ठेवतात. रंग मग कापडातच जातो. मध्यम चिकटपणाचं अल्जिनेट एक लिटर पाण्याला ३० ते ४० ग्रॅम लागतं. पाणी फिरवत ठेवून चिमटीने भुरभुरवा. एकदम ओतलंत तर गाठी होतात आणि त्या मिक्सरनेही नीट फुटत नाहीत. रात्रभर ठेवा, सकाळी मलमलीतून गाळा.

इथे सोलापूरचं पाणी आड येतं. बोअरचं पाणी जड असतं. त्यातल्या कॅल्शियमने अल्जिनेटच्या तारा आणि गुठळ्या होतात, पेस्ट फाटल्यासारखी दिसते आणि ठशावर सारखी बसत नाही. पेस्टला पाणी लागतं किती, लिटर-दोन लिटर. तेवढ्यासाठी आरओचं किंवा जारचं पाणी वापरा आणि त्यात लिटरला ५ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घाला. दुकानात ते कॅल्गॉन नावानेही मागतात. धुण्यासाठी बोअरचं पाणी चालेल, फक्त शेवटच्या साबणाच्या उकळीत तेच फॉस्फेट लिटरला २ ग्रॅम टाका. नाहीतर साबणाचा पांढरा साका गडद रंगावर बसतो.

अर्धा किलो पेस्टचं माप असं: रंग १५ ग्रॅम (फिकट हवा तर ५), युरिया ७५ ग्रॅम, कोमट पाणी १२० मिलि, अल्जिनेटची खळ २७५ ग्रॅम, रेझिस्ट सॉल्ट ५ ग्रॅम, खाण्याचा सोडा १० ग्रॅम. आधी युरिया कोमट पाण्यात विरघळवा आणि त्यात रंग ओला करून पूर्ण विरघळू द्या. तुमच्या कापडावरचे गडद ठिपके म्हणजे न विरघळलेले रंगाचे कण आहेत, म्हणून रंगाचं पाणी पातळ कापडातून गाळूनच खळीत घाला. रेझिस्ट सॉल्ट वाफवताना रंगाची छटा उतरू देत नाही. सोडा सगळ्यात शेवटी, छपाईला बसायच्या वेळी घाला. सोडा पडला की रंग पाण्याशीही बंध करायला लागतो आणि तेवढा रंग कायमचा बाद होतो. कोल्ड ब्रँडची पेस्ट थंडीत अर्धा दिवस चालली तरी मे महिन्यात दोन-तीन तासांत संपवावी. उरलेली फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरली की रंग दिसायला तोच दिसतो, पण धुतल्यावर फिका पडतो.

युरिया शेतीचा घेऊ नका. २०१५ पासून शेतीचा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप देऊनच येतो. ते तेल पेस्टमध्ये डाग पाडतं, आणि अनुदानाचा युरिया दुसऱ्या कामाला वळवणं बेकायदाही आहे. रसायनाच्या दुकानात टेक्निकल ग्रेड म्हणून मागा.

खाण्याच्या सोड्याबद्दल बोलायचं तर तुमचा सोडा चुकीचा नव्हता, त्याला गरम वाफ मिळाली नाही एवढंच. खाण्याचा सोडा तापला की कर्बवायू सोडून धुण्याच्या सोड्यात बदलतो, तेव्हा अल्कली पुरेशी होते. नुसत्या हवेवर तो सौम्यच राहतो. वाफ द्यायची नसेल तर अर्ध्या किलोला खाण्याचा सोडा १० ग्रॅम आणि सोडा अ‍ॅश अडीच ग्रॅम असं मिश्रण घ्या, आणि कापड २४ तास ओलसर ठेवा. ‘ओलसर’ हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा.

रंग आणि धागा यांचा बंध पाण्याच्या पातळ थरातच होतो. कापड पूर्ण कोरडं झालं की क्रिया तिथेच थांबते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर आणि दुपारची आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली. अशा गच्चीवर ठसा दहा मिनिटांत खडखडीत वाळतो. कोकणात किंवा पावसाळ्यात लिहिलेली कृती ‘रात्रभर टांगून ठेवा’ म्हणते ती तिथे चालते, कारण हवाच कापड ओलं ठेवते. इथे चालत नाही. युरिया हवेतली ओल ओढतो, पण हवेत ओल असेल तेव्हाच. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत किंवा खालच्या खोलीत छापा, पंखा बंद ठेवा, खोलीत ओलं गोणपाट टांगा. ठसा बोटाला लागणार नाही इतपत सुकला की कापडावर प्लास्टिकचा कागद पसरून, गुंडाळी करून, पिशवीत बंद करून २४ तास ठेवा. उष्णता आपल्याकडे फुकट आहे, फक्त ओल कोंडून ठेवायची. जुलै-ऑगस्टमध्ये उलटी तक्रार येते: ठसा सुकतच नाही, युरियाने पाणी ओढून कडा पसरतात. तेव्हा युरिया ७५ वरून ४० ग्रॅमवर आणा.

वाफ देता आली तर उत्तम. मोठं मोदकपात्र किंवा पातेलं घ्या, तळाला चार बोटं पाणी, वर जाळी. छापील कापड जुन्या सुती कापडाबरोबर गुंडाळा, म्हणजे छाप छापाला लागणार नाही. गुंडाळी पाण्याला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. झाकणाला जाड पंचा बांधा, कारण झाकणावरून पडलेला एक थेंब आठ आण्याएवढा डाग करून जातो. पाणी खळखळल्यावर २५ ते ३० मिनिटं. ही भांडी पुन्हा स्वयंपाकात आणायची नाहीत. रंगाची पूड हाताळताना मास्क लावाच, रिअ‍ॅक्टिव्ह रंगांची धूळ वारंवार नाकात गेली तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो.

पांढरी जमीन गुलाबी झाली ती धुण्याच्या क्रमामुळे. आधी थंड पाणी, भरपूर, आणि कापड सारखं हलतं. यात सोडा, खळ आणि सुटा रंग निघतो. दोन-तीन थंड पाण्यांनंतर कोमट, मग लिटरला २ ग्रॅम साबण घालून १० ते १५ मिनिटं उकळी, शेवटी पुन्हा थंड. पहिलंच पाणी गरम घेतलं तर सोडा अजून कापडात असतो, आणि सुटलेला रंग पांढऱ्या भागावर जाऊन तिथेच पक्का बसतो. धुतलेलं कापड घडी करून बादलीत ठेवणं हीदेखील तीच चूक. अर्धा किलो कापडाला सगळं मिळून ५० ते ६० लिटर पाणी लागतं. नळ रोज येत नसेल तर छपाईचा दिवस मोजून ठरवा: पाणी यायच्या आदल्या दिवशी छापा. वाफवलेलं कापड कोरडं राहिलं तर आठवडाभर न धुता थांबू शकतं, त्याची घाई नाही. धुण्याचं पाणी कुंडीत ओतू नका, त्यात सोडा आणि सुटा रंग असतो.

ठसा आणि टेबल यांबद्दल थोडंच सांगतो. टेबलावर घोंगडीचे तीन-चार थर, त्यावर जुनी चादर, त्यावर धुतलेलं सुती कापड. लोकरीला स्प्रिंगसारखा उसळता दाब असतो, त्यामुळे ठशाचे सगळे कोपरे टेकतात. नुसत्या लाकडी फळीवर ठशाचा मध्य फिका येतो. नवा लाकडी ठसा दहा-पंधरा दिवस तेलात बुडवून ठेवा, नाहीतर तो पेस्टमधलं पाणी पितो आणि तडकतो. पेस्ट इडलीच्या पिठापेक्षा जरा दाट हवी. ठसा थेट पेस्टमध्ये बुडवू नका. ताटात पेस्ट, तिच्यावर लोकरीचा तुकडा, वर मलमल, आणि त्यावर ठसा दोनदा हलका टेकवा. कोरीव खाचांत पेस्ट भरली की नक्षी गिचमिड होते, मग दात घासायच्या ब्रशने लगेच धुवा.

पिगमेंट आणि बाइंडरचा रस्ता सोपा आहे आणि दुकानदार तोच सुचवतात. रंग धाग्यावर गोंदासारखा चिकटतो, इस्त्रीने पक्का होतो, वाफ नको, धुणं नको. पण कापड कडक होतं आणि एकावर एक थर दिले की प्लास्टिकसारखं दिसतं. छपाईवर पुढे सुईकाम करायचं असेल तर तो टाळावा.

टांगत्या कलाकृतीसाठी मला जास्त रस वाटतो तो हिरडा-तुरटी-लोखंडाच्या, म्हणजे नैसर्गिक रंगांच्या प्रयोगांत, आणि त्यासाठी या जिल्ह्यात माल उकिरड्यावर पडलेला आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या पट्ट्यातलं डाळिंब, आणि त्याच्या साली ज्यूसवाल्याकडे फुकट. सालीत टॅनिन हे तुरट द्रव्यही आहे आणि पिवळा रंगही. सावलीत वाळवा. काळ्या पडलेल्या, बुरशी लागलेल्या साली बाजूला काढा, त्या पिवळ्याचा मळका खाकी करतात.

पाव किलो कापडासाठी: आधी ४० ग्रॅम हिरड्याची पूड ५ लिटर कोमट पाण्यात, कापड दोन तास भिजवून न धुता पिळून उन्हात वाळवा. कापड फिकट पिवळट होतं. मग ४० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात आणि ५ ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, सोड्याचं पाणी तुरटीत हळूहळू ओता. फेस भसकन वर येतो, भांडं मोठं घ्या. कापड त्यात रात्रभर ठेवा, वाळवा, आणि दोन दिवस तसंच राहू द्या. या काळात तुरटी धाग्यात मुरते. नंतर गव्हाच्या कोंड्याच्या कोमट पाण्यात अर्धा तास फिरवून धुवा, म्हणजे सुटी तुरटी निघून जाईल. ती राहिली तर कुंडातच रंग खाते. २५० ग्रॅम वाळलेल्या साली रात्रभर भिजवून तासभर उकळा, गाळा, त्या पाण्यात कापड पाऊण तास मंद आचेवर ठेवा. मोहरीच्या फुलासारखा पिवळा येतो. भांडं स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घ्या. लोखंडी कढई घेतलीत तर पिवळ्याचं शेवाळी होईल.

ते शेवाळीही मुद्दाम हवं असतं. पिवळं कापड ५ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार) घालून दहा मिनिटं बुडवलं की ऑलिव्हसारखा राखाडी हिरवा उतरतो. कापडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त हिराकस घालू नका. लोखंड कापसाला खातं, वर्ष-दोन वर्षांत कापड त्याच जागी फाटतं. काळ्या रेघांसाठी गंजलेले खिळे-पत्रे अर्धा किलो, जुना गूळ १०० ग्रॅम, मूठभर बेसन, ३ लिटर पाणी. सैल झाकणाच्या मडक्यात दोन आठवडे, उन्हाळ्यात आठ-दहा दिवस. घट्ट बूच लावू नका, वायू होतो. गाळलेलं पाणी चिंचोक्याच्या पुडीत शिजवून दाट करा, लिटरला साधारण ८० ते १०० ग्रॅम पूड. घोंगडीला जी चिंचोक्याची खळ देतात तीच ही. इथे ती चालते, कारण खनिज रंगबंधकाला खळीशी देणंघेणं नाही. रिअ‍ॅक्टिव्हमध्ये मात्र ती आरारूटसारखीच रंग खाईल. हिरडा लावलेल्या कापडावर हे पाणी छापलं की डोळ्यासमोर राखाडीचं काळं होत जातं.

जड पाण्याची एक चांगली बाजूही सांगायला हवी: मंजिष्ठेच्या लाल रंगाला कॅल्शियम लागतं. आरओच्या पाण्यात मंजिष्ठा विटकरी-नारिंगी देते, बोअरच्या पाण्यात तोच लाल खुलतो. डाळिंबासाठी मात्र पाण्यात लोह नको, पिवळा लगेच काळवंडतो.

थोडा हात बसला की दोन प्रयोग करून बघा. पहिला रिअ‍ॅक्टिव्हमधला: १०० ग्रॅम ग्वार गमच्या खळीत ५ ग्रॅम लिंबूसत्त्व मिसळून ठसा मारा, वाळू द्या, आणि त्यावरून वरची रिअ‍ॅक्टिव्ह पेस्ट ब्रशने सपाट फिरवा. लिंबूसत्त्व तिथला सोडा मारून टाकतं, रंग बसत नाही, आणि धुतल्यावर रंगीत जमिनीत पांढरी नक्षी उघडते. या पेस्टला अल्जिनेट वापरू नका, आम्लात ते दह्यासारखं फाटतं. दुसरा लोखंडातला: हिरडा आणि हिराकशीने काळ्या केलेल्या कापडावर तीच लिंबूसत्त्वाची खळ छापा. काळा तेवढ्यापुरता विरघळून पिवळसर होतो. छापल्यापासून तासाभरात धुवा, वाळू देऊ नका आणि इस्त्री तर अजिबात नको, आम्ल कापडात राहून तापलं की कापड तिथे जळल्यासारखं तुटतं.

प्रत्येक प्रयोगाला १५ सेंमीचा चौकोन कापा, कोपऱ्यावर पेन्सिलीने रंगाचं वजन, सोडा, वेळ आणि त्या दिवशीची हवा लिहा. पेन्सिल साबणाच्या उकळीतही पुसत नाही, बॉलपेन पसरतं. अर्धा चौकोन पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस दक्षिणेच्या खिडकीत चिकटवा. डाळिंबाचा पिवळा किती उतरतो ते तिथेच कळेल, आणि ती कलाकृती कोणत्या भिंतीवर लावायची तेही.

आत्ताचं गुलाबी झालेलं कापड फेकू नका. ते साबणाच्या पाण्यात एकदा उकळून घ्या. सुटा रंग निघेल, बंध झालेला राहील. मग हिरडा देऊन त्यावर लोखंडाच्या पाण्याने मोठा ठसा मारा. काळ्याखाली तो गुलाबी चांगला दिसतो.